खंडेनवमीचा ओला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, मलकापूरच्या एका कॉलेजातल्या गणिताच्या खोलीतला. माझ्यासमोर कोण शिकलं आणि कोण नुसतं माना हलवून गेलं, याचा माझा हिशेब चोख आहे. माना हलवणारेच जास्त. प्राची मात्र कोणत्याच रकान्यात बसली नाही.

तिचा पीएचडीचा प्रबंध एका असमानतेवर होता. दोन संतत फलनं घ्यायची. द्विरेषीय रूप त्या जोडीतून एक आकडा काढून देतं. फलनाच्या सर्वांत उंच टोकावरून त्या आकड्याला मर्यादा घालणं सोपं. पण कापसाचा भाव कोणी एका लांब धाग्यावरून करतं का? प्राचीला ती मर्यादा सरासरीवरून घालायची होती, आणि एकच स्थिरांक सगळ्या रूपांना पुरायला हवा होता. असमानता जुनी, जगानं मानलेली. सिद्धता मात्र तिला स्वतःची, नवी हवी होती. फलनं तपासायचे बिंदू वाढवले की तिचा स्थिरांक फुगायचा. ती पुसायची, पुन्हा लिहायची. दसऱ्यानंतर तिची नोंदणी संपणार होती. "भिंतीशी बोलते बिचारी," असं म्हणत लोक दारावरून जात. भिंत म्हणे!

खंडेनवमीच्या दुपारी स्थिरांक फुगायचा थांबला. प्राची हसली, मग रडली. कोपऱ्यात 'पुसू नये' लिहून, बंद पडलेला मोबाइल चार्ज करायला ऑफिसात पळाली. फोटो काढायचा होता.

तेवढ्यात शिपाई रंगराव बादली घेऊन आले. हत्यारं पुजायचा दिवस; कॉलेजचं हत्यार मीच. त्यांनी मला घासून धुतलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. एवढं कौतुक माझ्या जन्मात झालं नव्हतं. आणि मला ओरडताही येईना.

"काका, काऊन पुसलं? लिहिलं होतं नं!" मोबाइल घेऊन परतलेली प्राची दारातूनच ओरडली.

"मॅडम, 'पुसू नये' तं इथं बारमाही लिहिलेलंच राह्यते." मग तिचा चेहरा पाहून नारळ त्यांच्या हातातच राहिला. "लय मोठं होतं काय?"

"मधली ओळच आठवून नाही राह्यली, काका."

तिनं खडू उचलला. तो ओल्या अंगावरून नुसता घसरला. रंगराव खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मला टिपताहेत, प्राची हातानं वारा घालत ती ओळ पुटपुटते आहे. दर वेळी वेगळी.

मित्रांनो, पुजायच्या आधी वाचत जा. वाचता नाही आलं तर विचारत जा. आणि आत्ता कोणीतरी खिडक्या उघडा रे. तिला थोडंफार आठवतंय तोवर मला वाळायचं आहे.