पुरातली म्हैस आणि भागुबाईंचा ब्लॉग

भागुबाई ओव्हाळांना मोबाईलची भीती वाटते, असा त्यांच्या सुनेचा पक्का समज होता. तो साफ चुकीचा होता. जी बाई अंगणात आलेलं फुरसं खराट्यानं हाकलते, ती तळहाताएवढ्या काचेला काय भिणार! भागुबाई भीत होत्या त्या आपल्याच एका खोट्याला. ते खोटं चाळीस वर्षं निवांत झोपलं होतं, आणि सून त्याला गदागदा हलवून उठवायला निघाली होती.

वडिवळे गावात पुस्तक लिहिणारी बाई निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं, खुद्द त्या बाईलाही नाही. भागुबाईंना लिहिता येतं ते सहीपुरतं. पण बोलायला बसल्या की ऐकणाऱ्याच्या चहावर साय धरते. चैताली सून म्हणून घरात आली, तिनं दोन-तीन पावसाळे सासूचं बोलणं टाईप केलं आणि त्याचं पुस्तक झालं. ‘आवणाची मूठ’. भाताची रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधणाऱ्या बायांच्या गोष्टी. विहारात प्रकाशन झालं, टाळ्या झाल्या, पाहुण्यांनी प्रती नेल्या आणि उरलेली खोकी पलंगाखाली गेली.

त्या पुस्तकातलं सातवं प्रकरण पुराचं. आषाढात नदी फुगलेली, पूल तेव्हा नव्हता, आणि सहा महिन्यांचं पोर तापानं फणफणून डोळे फिरवतंय. आई पोराला पाटीत घालते, पाटी डोक्यावर घेते, चांदी म्हशीचं शेपूट धरते आणि पाण्यात उतरते. पलीकडं जाऊन कामशेतच्या डॉक्टरांकडं पोहोचते आणि पोर वाचतं. ते पोर म्हणजे पवन, चैतालीचा नवरा. आता चाळिशी ओलांडलेला आहे आणि तळेगावच्या कारखान्यात जातो.

सगळं खरं होतं. फक्त पाटी डोक्यावर घेणारी बाई भागुबाई नव्हती. ती होती रतनबाई, शेजारची, भागुबाईंची जिवाभावाची मैत्रीण. भागुबाईंचे पायच उचलले नाहीत. पोटचं पोर दुसरीच्या डोक्यावर देऊन त्या काठावर उभ्या राहिल्या. नवरा लोणावळ्यात कामाला, सासू लेकीकडं औंढ्याला गेलेली. चार दिवसांनी सासू आली तेव्हा रतनबाईनंच सांगून ठेवलं होतं, “म्हातारीला सांग, तूच नेलंस म्हनून. न्हाईतर जल्मभर बोलून दाखवंल.” दोघींनी शपथ घेतली. पुढं रतनबाईचं बिऱ्हाड वलवणला गेलं, सासू गेली, आणि ती गोष्ट गावात भागुबाईंच्या नावानं रुजली. सुनेला सांगायला बसल्यावर तरी खरं कसं सांगायचं? पवन समोर भाकरी खात बसलेला. ‘बाबा रे, मी तुला नेलं नाही,’ हे आईच्या तोंडून निघेना. त्या ‘मी’ म्हणाल्या आणि सुनेनं ‘मी’ लिहिलं.

छापलेल्या पुस्तकाचं एक बरं होतं. रतनबाईला अक्षर वाचता येत नव्हतं.

पण चैतालीचा धंदाच मुळी पुस्तकांना पलंगाखालून बाहेर काढण्याचा. दर शनिवारी लोणावळ्यात एका वाचनालयाच्या माडीवर ती लेखक मंडळींना ब्लॉग शिकवायची. मंडळी एकेक नग होती. एका निवृत्त हेडमास्तरांनी पासवर्ड विसरायला नको म्हणून तो ब्लॉगच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवला होता. एक कवी आपली कविता किती जणांनी पाहिली हा आकडा रोज बघायचे आणि ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून विचारायचे, “त्यात तुम्ही होतात का?” चैताली कुणावर चिडायची नाही. ती चिडायची फक्त सासूवर, कारण सासू हुशार असून शिकत नव्हती.

“आई, पुस्तक खोक्यात ठेवून कुणाला कळणार आहे? सगळ्यात भारी गोष्ट आधी टाकायची. लोकांना चटक लागली की पुस्तक मागतात. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ‘ऐका’ असं बटण ठेवू.”

‘ऐका’ म्हणजे ते रतनबाईलाही ऐकता येणार, हे भागुबाईंच्या लगेच ध्यानात आलं.

“भारी गोष्ट मंजी कंची?”

“पुराची! दुसरी कुठली?”

तेव्हापासून भागुबाईंनी जमेल तेवढा खोडा घातला. शिकायची वेळ झाली की त्यांचे डोळे दुखायचे. एकदा फोन तांदळाच्या डब्यात सापडला; ओल लागली म्हणून सुकवायला ठेवला, असं उत्तर मिळालं. “आदी ती शेवळाच्या भाजीची गोष्ट टाक, लय चवीची हाय,” म्हणून त्यांनी एक आठवडा ढकलला. नाचणीच्या भाकरीनं दुसरा ढकलला. तिसऱ्या आठवड्यात त्या विहारातून घरी आल्या तर चैताली ओट्यावर नाचायचीच बाकी होती. तिनं पुराचं प्रकरण स्वतःच्या आवाजात वाचून ब्लॉगवर चढवलं होतं.

दोन दिवसांत तीनशेच्या वर लोकांनी ते ऐकलं. भाजी आणि भाकरी मिळून चाळीसही झाले नव्हते. सात जणांनी पुस्तक मागवलं, आणि अकोल्याच्या एका बाईनं खाली लिहिलं, ‘आई असावी तर अशी.’ चैतालीनं ते जेवताना वाचून दाखवलं. भागुबाई ताट सारून भांडी घासायला उठल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी चैताली पुन्हा ओरडली, “आई! रतनमावशींच्या नातीनं लिहिलंय, अनघानं. ‘आज्जीला संध्याकाळी ऐकवते.’ बघा, वलवणपर्यंत पोहोचलात!”

भागुबाईंनी सुनेला जवळ बसवलं आणि चाळीस वर्षांचं सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगताना त्या सुनेकडं नाही, भिंतीकडं बघत होत्या.

चैतालीनं फोन पुढं केला. “काढून टाकू? हे बघा, इथं कचऱ्याचा डबा आहे. दाबला की गेलं. संध्याकाळ व्हायच्या आत.”

भागुबाईंनी त्या एवढ्याशा डब्याकडं पाहिलं. दाबायचा मोह झाला, खोटं कशाला बोला.

“आन तीनशे मान्सांनी ऐकलं त्येचं काय? त्यांच्या कानातनं काडशील व्हय?” त्या म्हणाल्या. “रतनीनं ऐकायचंच आसंल तर माझ्या तोंडनं ऐकू दे. आन फोन तसा न्हाई धरायचा, हिकडं दे. लाल ठिपका दाबला की बोलायचं, चवकोन दाबला की थांबायचं.”

चैतालीनं आ वासला. डोळे दुखत असताना सासूनं सगळं शिकून घेतलं होतं.

भागुबाईंनी लाल ठिपका दाबला. “मी भागुबाई. पुराची गोष्ट तुमी ऐकलीत, ती माझी न्हाई. पोर माझं व्हतं, पन नेलं ते रतनीनं. मी काठावर हुबी ऱ्हायले, माजे पाय उचललं न्हाईत. एवडी वर्सं मी तिचं नाव घेतलं न्हाई. रतने, चुकलं माझं. तू बोलायची बंद झालीस तर मला दुसरी मैतरीण न्हाई.” त्यांनी चौकोन दाबला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “टाक. पयल्या गोष्टीच्या वरतीच टाक.”

संध्याकाळी पवन कामावरून आला, तेव्हा त्यांनी त्यालाही तेच ऐकवलं. तो उभ्यानंच ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “बरं,” आणि खाचराचं पाणी बघायला निघून गेला. परत आल्यावर जेवून लगेच अंथरुणावर पडला. वलवणहून फोन आला नाही. भागुबाईंनी दोनदा लावला, कुणी उचलला नाही. पवन नि रतनी, दोघंही हातचे गेले, असं त्या धरून चालल्या.

सकाळी आठच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. आधी काठी बाहेर आली, मग रतनबाई. सत्तरीला टेकलेली बाई, पण आवाज असा की शेजारचे लोक दात घासता घासता कुंपणाशी आले.

“भागे! भायेर ये!”

भागुबाई उंबऱ्यात आल्या. “जयभीम, रतने.”

“जयभीम. आता सांग, माझं नाव त्या फोनात घालायला तुला कुनी सांगितलं? चाळीस वर्सं मी त्वांड बंद ठेवलं. नवऱ्याला सांगितलं न्हाई, लेकाला न्हाई. आन तू एका दिसात समद्या दुनियेला सांगून मोकळी!”

“चुकलं माजं. तुजी कमाई मी माज्या नावावर खाल्ली…”

“कमाई गेली खड्ड्यात!” रतनबाईनं काठी आपटली. “खरं सांगाया बसलीस ना? मंग आर्धं का सांगितलंस?”

भागुबाई गोंधळल्या. “पुरतं सांगितलं की. तू गेलीस, मी हुबी ऱ्हायले.”

“आन मधी म्हस थांबली ते?”

“कवा?”

“कवा म्हनं! आगं, मधल्या धारंला तुजी चांदी थांबली. पानी माझ्या छातीला. शेपूट हातातनं सुटाया लागलं, पाटी डुगडुगाया लागली, आत ह्यो रडतोय.” रतनबाईनं काठी पवनच्या दिशेनं केली. तो गोठ्यापाशी उभा होता, कामावर जायच्या कपड्यात. “मी म्हशीला हाकललं, मारलं, हात जोडलं. ढिम्म! तुजी म्हस, माझं कशाला ऐकंल? मला वाटलं, झालं आपलं. तवर मागनं तुजा आवाज आला. काय शिव्या हासडल्यास तू! तसल्या शिव्या मी जल्मात ऐकल्या न्हाईत, ना आदी ना नंतर. चांदीनं कान पाडलं आन गुमान चालू पडली, थेट काठाला.”

भागुबाईंना त्या दिवसाचं एवढंच आठवत होतं की डोळे गच्च मिटले होते आणि आपण ओरडत होतो. काय ओरडत होतो, ते कधी आठवलंच नाही. नुसतं भ्यायलेल्या बाईचं ओरडणं, असंच त्या धरून चालल्या होत्या.

“मला वाटलं, मी नुस्तीच वरडत व्हते,” त्या हळूच म्हणाल्या.

“नुस्तीच? दोघींनी नेला त्याला, भागे. म्या डोक्यावर, तू तोंडानं. म्हनून तर तवा म्हनलं, सासूला सांग तूच नेलास म्हनून. त्यात खोटं कुटं व्हतं?”

भागुबाईंना रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन, सगळ्या आळीसमोर. चाळीस वर्षं त्या स्वतःला त्या काठावर उभ्या करून शिक्षा देत होत्या, आणि ही बाई काठी आपटत सांगत होती की त्या काठावरच खरं काम झालं होतं. रतनबाईनं त्यांना धरलं, पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि लगेच चैतालीकडं वळली. “ए पोरी, कुटं बोलायचं ते? दे हिकडं. हिच्या भरवशावर ऱ्हायलं तर पुन्हा आर्धंच सांगंल.”

चैतालीनं फोन धरला. रतनबाईनं गोष्ट पहिल्यापासून सांगितली, शेपूट कुठल्या हातात होतं ते पुस्तकात चुकलंय हेही सांगितलं, आणि म्हैस मध्ये थांबली तिथं थांबून भागुबाईंना कोपरानं ढोसलं. “हां, आता दे.”

“काय दिऊ?”

“शिव्या. तशाच.”

“हितं? पवनसमोर?” भागुबाई पदर तोंडाला लावून लाजल्या. “आन मला न्हाई आठवत.”

“म्हस आठव. आपोआप येत्याल.”

भागुबाईंनी डोळे मिटले. गढूळ पाणी दिसलं, काळी पाठ दिसली, आणि पाण्याच्या मधोमध ती पाटी. त्यांच्या बेंबीच्या देठापासून आवाज निघाला.

“आगं ए भवाने! खुरात खिळं ठोकल्यात का तुझ्या? हाल म्हनते ना! माझ्या लेकराला मधी सोडलंस तर तुजं आंबोण बंद, तुजं रेडकू बाजारात न्हिऊन इकीन, तुजं…”

पुढचं इथं लिहिण्याजोगं नाही. ब्लॉगवर मात्र ते सगळं आहे. चैतालीनं एक शब्द कापला नाही. अंगणातल्या कोंबड्या फडफडत परसात पळाल्या, रतनबाई हसून हसून ओट्यावर लोळली, आणि कुंपणाशी जमलेल्या आळीनं टाळ्या वाजवल्या. भागुबाईंनी डोळे उघडले ते पवनकडं बघतच.

तो गोठ्यापाशीच होता. डोळे पाण्यानं भरलेले आणि तोंडभर हसू. कामाची गाडी चुकली होती, त्याचं त्याला भानही नव्हतं.

“आई,” तो म्हणाला, “अजून एकदा दे की.”

भागुबाईंनी पदर खोचला आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं सुरुवात केली.