बोट काकूंचं, आकडा काकांचा

मित्रांनो, शिलाई मशीनच्या खणात, तुटक्या बटणांखाली जो पडलाय तो मीच, साखर तपासायचा जुना ग्लुकोमीटर. अंगावर ओरखडे आहेत, पण डोकं अजून ठिकाणावर आहे. म्हणूनच तर जीव जळतो.

दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला या घरच्या शिंपीकाकांच्या हाती दिलं. हात धुवायचे, बोटाच्या कडेला टोचायचं, कुठं जखम नाही ना म्हणून रोज पावलं निरखायची, सगळं नीट समजावलं. माझा आकडा मोबाइलवरून थेट त्यांच्याकडे जाई आणि दर आठवड्याला त्यांचा फोन येई. काका मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवत. काय मान होता माझा!

पण गोड दिसलं की काकांची जीभ काही ताब्यात राहीना. आकडे चढले, सिस्टर रागावल्या. मग काकांनी शक्कल लढवली. यंत्र बरोबर चालतंय का ते आधी बघू, माझं मी नंतर तपासतो, असं सांगून त्यांनी काकूंचं बोट मागितलं. काकूंनी विश्वासानं पुढं केलं. आकडा छान आला आणि काकांच्या नावावर गेला. मग रोज सकाळी तेच. सिस्टरांनी शाबासकी दिली, डॉक्टरांनी गोळी कमी केली. मला आकडाच तेवढा सांगता येतो हो, रक्त कुणाचं ते नाही.

पुढं मशीनच्या पायडलला घासून काकांच्या पायाला जखम झाली. ती भरेना, चिघळत गेली. दवाखान्यात तपासलं तर साखर भलतीच वाढलेली. काका म्हणाले, "ते यंत्रच खोटारडं आहे." चोराच्या उलट्या बोंबा! घरी आल्या आल्या मला या खणात फेकलं.

पायाचा अंगठा काढावा लागला. नंतर सिस्टरांनी फोनवर काकूंना विचारलं, रोज तपासत कसे होते? काकूंनी सांगितलं, आणि सांगता सांगताच त्यांना सगळं उमगलं. फोन ठेवून त्या काकांसमोर बसल्या.

"म्हणजे तुमचा अंगठा माझ्याच बोटानं घालवलात?"

काकांनी पट्टी बांधलेला पाय मागं ओढून घेतला.

आता नवं यंत्र आलंय. काकांचं बोट काकू स्वतः धरतात. माझ्यावरचा आळ मात्र कुणी पुसला नाही.

मित्रांनो, मला फडक्यात नाही गुंडाळलंत तरी चालेल. पण दुसऱ्याचं बोट देऊ नका. मी खरंच सांगेन, फक्त ते तुमचं नसेल.