बारा हजार तीनशे पंचेचाळीस नंबरचे दार

मी एक जुना पोर्ट आहे. पोर्ट म्हणजे संगणकाचे दार. डोळ्यांना न दिसणारे, नुसता नंबर असलेले. माझा नंबर बारा हजार तीनशे पंचेचाळीस. आम्ही भावंडे पासष्ट हजारांवर आहोत. मित्रांनो, त्यांतल्या मोजक्यांकडेच पाहुणे येतात. कुणातून पत्रे जातात-येतात, कुणातून गाणी. माझ्याकडे वर्षानुवर्षे चिटपाखरूही फिरकले नाही.

आमचा संगणक एका चित्रकार बाईंचा. मुलांच्या पुस्तकासाठी त्या त्यावर पक्षी काढत. दोन वर्षांत ऐंशी पक्षी झाले होते. दुपारी त्या छापखान्यात गेल्या की घरात त्यांचे सासरे एकटेच उरत. पत्ते पिसायचे आणि समोर कोणी नाही म्हणून तसेच ठेवून द्यायचे. एके दिवशी त्यांनी संगणकावर पत्त्यांचा एक फुकट खेळ उतरवून घेतला. पडद्यावर प्रश्न आला, ‘या प्रोग्रॅमसाठी बाहेरून कोणाला आत येऊ द्यायचे का?’ आजोबांनी चष्मा शोधायचा कंटाळा केला आणि ‘होय’ दाबले.

त्या खेळाच्या पोटात एक घरभेदी प्रोग्रॅम लपला होता. त्याने मला आतून उघडले. खोटे कशाला बोलू, मला आनंदच झाला. जन्मात पहिल्यांदा बाहेरून कोणीतरी आले होते! त्या पाहुण्याने एकेक फाइल चाळली आणि सगळे पक्षी पुसून टाकले, निव्वळ गंमत म्हणून. मला मिटायचे होते. पण दाराला स्वतःहून मिटता येत नाही.

दुरुस्तीवाल्याने संगणक तपासला. चित्रे काही परत मिळाली नाहीत.

“हा नंबर बदनामच आहे,” तो म्हणाला. “जुने घरभेदी प्रोग्रॅम हाच वापरायचे.”

“नंबरला कशाला नावं ठेवता?” आजोबा म्हणाले. “सूनबाई, ‘होय’ मीच म्हटलं. खेळायला कुणी नव्हतं गं.”

“मला फार राग आलाय, बाबा. आज माझ्याशी बोलू नका.”

चार दिवस तसेच गेले. पाचव्या दुपारी बाई छापखान्यात गेल्या नाहीत. सगळे पक्षी पुन्हा पहिल्यापासून काढायला बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पत्ते आणा. एकच डाव हं, मला चिमणी संपवायचीय.”

मला मात्र कायमचे बंद केले, आणि ते योग्यच झाले. मित्रांनो, माझी कीव आली तरी मला उघडू नका. ‘होय’ म्हणण्याआधी प्रश्न वाचा, कळला नाही तर कुणाला तरी विचारा. आणि तुमच्या घरात कोणी दुपारभर एकटे बसत असेल, तर जरा त्यांच्याजवळ जाऊन बसा. माझ्याकडे कोणी येऊ नये हेच बरे, पण त्यांच्याकडे कोणीतरी यायला हवे.