तिखायाच्या धक्क्यावर

ग्लेब अस्ताखोव बोटीतून उतरला, तेव्हा तिखाया या कोळीवस्तीच्या धक्क्यावर त्याच्या स्वागताला एक डॉक्टरीणबाई आणि दोन कुत्री होती. मॉस्कोच्या परराष्ट्र खात्यातला हा चौतिशीचा अधिकारी कुरील बेटांवर पहिल्यांदाच येत होता. साल १९९२. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जपानकडून घेतलेली ही बेटं जपानला परत देऊन टाकणार अशी आवई उठली होती, आणि लोकांची समजूत घालायला त्याला धाडलं होतं. डॉक्टरीणबाईंचं नाव फाईना गोर्देयेव्ना. वस्तीचा दवाखाना त्या चालवत आणि वस्तीनं निवडून दिलेल्या कौन्सिलच्या अध्यक्षही त्याच होत्या.

“काय सांगणार आहात आम्हाला?” त्यांनी विचारलं.

“अजून काहीही ठरलेलं नाही, एवढंच.”

“त्यासाठी एवढे सात समुद्र ओलांडून आलात? चला, आधी गरम सूप प्या.”

त्याच बोटीतून बुर्त्सेव नावाचे खासदारही आले होते, सोबत कॅमेरावाला घेऊन. युद्धापूर्वी या बेटावर राहिलेली काही जपानी म्हातारी माणसं दुसऱ्या दिवशी आईबापांच्या थडग्यांवर फुलं वाहायला येणार होती. त्यांना किनाऱ्यावर पाऊल ठेवू द्यायचं नाही, आणि ते दृश्य साऱ्या देशाला दाखवायचं, असा बुर्त्सेवांचा बेत होता.

दुपारी मासळी कारखान्याच्या सभागृहात वस्ती लोटली. ग्लेबनं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. दोन वाक्यं झाली नाहीत तोच येफीम नावाचा दाढीवाला कोळी उठला.

“साहेब, आम्ही इथं राहतो हे मॉस्कोला कधी कळलं हो? जपाननं सांगितल्यावर?”

सभागृह खो खो हसलं. ग्लेबचे कान लाल झाले. मग बुर्त्सेव उभे राहिले, टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “एक वाळूचा कणही देणार नाही! उद्या एकही जपानी या किनाऱ्यावर उतरणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या ओसरेपर्यंत फाईना गोर्देयेव्ना थांबल्या. मग ग्लेबकडे वळून म्हणाल्या, “पाठांतर पुरे. खरं सांगा, तुमच्याकडे चाललंय तरी काय?”

खरं सांगायची त्याला मुभा नव्हती. पण समोर थकलेले, वाऱ्यानं करपलेले चेहरे होते. तो म्हणाला, “मलाही नक्की माहीत नाही. मॉस्कोत सरकार आणि संसद एकमेकांच्या उरावर बसलेत. जो ‘बोलणी करू’ म्हणतो, त्याला दुसरा देशद्रोही ठरवतो. तुमच्या बेटाचं नाव घेऊन सगळे आपापली भांडणं भांडताहेत. बेटाबद्दल बोलताना मी कुणाला ऐकलं नाही.”

“हे काय बोलताय?” बुर्त्सेव ओरडले. “तुमची नोकरी जाईल!”

“जाऊ दे, इथं मासे साफ करायला माणसं हवीच आहेत,” येफीम म्हणाला, आणि या वेळी लोक ग्लेबच्या बाजूनं हसले.

फाईना गोर्देयेव्ना हसल्या नाहीत. “खासदारसाहेब, माझी आई इथं आली तेव्हा हा कारखानाही उभा नव्हता. तिला मी याच मातीत पुरलंय. मी हे बेट सोडणार नाही, आणि ते मी जपान्यांच्या तोंडावर सांगेन. पण म्हाताऱ्या माणसाला आईच्या थडग्यापासून अडवणं मला जमायचं नाही. तुम्हाला मॉस्कोत जिंकायचंय ना? तिथं जिंका.”

कुणी टाळी वाजवली नाही. लोक कुरकुरत उठून गेले.

सकाळी धुकं होतं. जपानी जहाज उथळ पाण्यामुळे दूर थांबलं. माणसं होडीनंच आणावी लागणार होती. अर्धी वस्ती धक्क्यावर फलक धरून उभी, आणि एकही कोळी होडी सोडायला तयार नव्हता. कॅमेरा सुरू होता. फाईना गोर्देयेव्ना गर्दीतून वाट काढत आल्या, होडीत उतरल्या आणि त्यांनी वल्हं उचललं. ग्लेब क्षणभर घुटमळला, मग कोट सांभाळत मागोमाग उतरला. होडी जागच्या जागी गरगरू लागली.

“अहो डॉक्टरीणबाई!” येफीम वरून ओरडला. “तुम्ही त्या म्हाताऱ्यांना बुडवाल, मग खरंच दोन देशांत युद्ध पेटेल. सरका तिकडे!” शिव्या घालतच तो उडी मारून होडीत आला. त्याच्या पाठोपाठ दुसरी होडी सुटली.

पहिल्या खेपेत एक कंबरेत वाकलेली बाई आली. तिनं धक्क्यावर पाय टेकताच फाईना गोर्देयेव्नांनी तिच्यासोबत आलेल्या दुभाष्याला समोर घेतलं. “यांना सांगा, माझा जन्म इथला आहे. हे बेट आम्ही देणार नाही.”

म्हातारीनं शांतपणे ऐकलं आणि उत्तर दिलं, “माझाही जन्म इथलाच. तुमचं म्हणणं मला मान्य नाही.”

“नसू दे. थंडी आहे, हात धरा.”

फलकवाले आपोआप बाजूला झाले. चढणीवर दोघी वाटभर वाद घालत गेल्या, आणि मधोमध दुभाष्या दमून गेला. थडग्यांभोवतीचं कमरेएवढं गवत आधीच कुणीतरी कापलेलं होतं. कुणी, ते ग्लेबनं विचारलं. येफीम समुद्राकडे बघत राहिला. परतताना दवाखान्यात चहा झाला, माशांची लाल अंडी घातलेली ब्लिनी, म्हणजे रशियन धिरडी, झाली, आणि वाद तिथंही संपला नाही.

टीव्हीवर फक्त फलक आणि बुर्त्सेव दिसले. थोड्याच दिवसांत रशियाच्या अध्यक्षांचा जपान दौरा पुढे ढकलला गेला. मॉस्कोत परतल्यावर ग्लेबनं पाहिलेलं सगळं वरिष्ठांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “छान आहे. पण ही हकीकत ना सरकारच्या उपयोगाची, ना विरोधकांच्या.”

“बेटावरच्यांच्या उपयोगाची आहे,” ग्लेब म्हणाला.

त्याची बढती हुकली. थडग्यांच्या भेटी बंद कराव्यात असं खात्यात कुणी सुचवलं की तो उभा राहायचा आणि फाईना गोर्देयेव्नांचं सभेतलं बोलणं जसंच्या तसं ऐकवायचा. ऐकून ऐकून लोकांनी त्याला ‘तिखायाचा राजदूत’ म्हणायला सुरुवात केली. त्यांना वाटे ही थट्टा आहे. ग्लेबला मात्र आयुष्यात मिळालेल्या कुठल्याही हुद्द्याचा एवढा अभिमान वाटला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात जहाज पुन्हा आलं, आणि या वेळी येफीमची होडी कुणी न सांगता धक्क्याला लागलेली होती.