डोंगरानं उचललं तेव्हा

"ठोसा नुसता गालाजवळून न्यायचा, आवाज पाय आपटून काढायचा. कळलं?" मुलाच्या मनगटाला पट्टी गुंडाळत वडील म्हणाले.

"कळलं हो बाबा! शंभरदा झालं सांगून."

कळलं होतं, पण त्याला तसं करायचंच नव्हतं! म्हणजे बघा, ही तिकीट लावून होणारी, लुटुपुटीची कुस्ती. कोण जिंकणार, कोण आपटणार, सगळं आधी ठरलेलं. आणि त्याच्या बाबांच्या वाट्याला बावीस वर्षं नुसतं आपटणंच. सदा जमिनीवर पसरलेले, म्हणून लोक त्यांना चटई म्हणायचे. शाळेत पोरं याला विचारायची, "काय रे धाकट्या चटई, काल बाबांना कुणी अंथरलं?"

अंथरणारा बहुतेक वेळा एकच. डोंगर! दीडशे किलोचा गडी. आणि आज याची आयुष्यातली पहिली कुस्ती, तीही त्याच डोंगराशी. हरायचं तर ठरलेलंच होतं. पण हरण्याआधी एक ठोसा, एकच, खराखुरा हाणायचा, असं यानं मनाशी पक्कं केलेलं.

घंटा झाली. दोघं भिडले. डोंगरानं ठरल्याप्रमाणे गाल पुढे केला आणि यानं दिला ठेवून! डोंगराचा ओठ फाटला, हनुवटीवर रक्त आलं. डोंगरानं एकदाच याच्या डोळ्यांत बघितलं, आणि याची पाचावर धारण बसली. कारण पुढचा डाव होता उचलून आपटायचा!

गेला की वर, डोंगराच्या डोक्यावर. तिथून खाली बघताना याला कळलं, आता या माणसाचा हात जरा तिरका झाला की आपल्याला जन्मभर खाट.

धाड्! अख्खं सभागृह हादरलं. आणि याला काहीच लागलं नाही. मानेखाली भला थोरला पंजा होता, पाठ सपाट टेकली होती. झोपलेलं बाळ खाली ठेवतात ना, अगदी तसं. डोंगर त्याच्यावर आडवा पडला, पंच आकडे मोजायला लागले, आणि त्या गोंधळात डोंगरानं याची बोटं हळूच दाबली.

"लागलं नाही ना रे?"

बावीस वर्षं! शेकडो वेळा! आणि बाबा आजही जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात. याला एकदम भरूनच आलं.

आत कपडे बदलायच्या खोलीत बाबा डोंगराच्या ओठाला बर्फ लावत बसले होते. मुलाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"काका, मी मुद्दाम मारला."

"माहितीये. तुझ्या बापानं पहिल्याच दिवशी माझा दात पाडला होता."

"चुकून!" बाबा म्हणाले.

"दोनदा?"

"काका, तुम्ही बाबांना इतकी वर्षं सांभाळलंत. तुमचे उपकार..."

"उपकार कसले? हा इतका झकास पडायचा, म्हणून लोक मला डोंगर म्हणायला लागले. नाहीतर मी नुसता जाड्या होतो."

बाबा हसले. मुलानं स्टूल जवळ ओढलं. "बाबा, द्या इकडे. मी धरतो."

बर्फाचं पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळत गेलं, पण त्यानं हात हलवला नाही. डोंगरानं निवांत डोळे मिटून घेतले.