त्याच दोन तारांवर

रजनीचं पत्र सतरा दिवस माझ्या शब्दकोशात दबून होतं. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता सायली गावातल्या एका कारखान्यात देखभाल बघते. मी फोन उचलायला कचरतो हे तिला ठाऊक, म्हणून पत्र. टाकीचं तापमान दिसावं म्हणून तिने सेन्सर आणि डिस्प्ले माहिती वाहणाऱ्या त्याच दोन तारांवर जोडले होते. दोन सेन्सर जळाले. तिसरा शेवटचा; तोही गेला तर साहेब ते काम बाहेरच्या माणसाला देणार होते. शेवटी तिने लिहिलं होतं, "सर, तुमच्या वहीप्रमाणेच जोडलंय. माझं काय चुकलं?"

तिचं काही चुकलं नसावं, ही शंका मला पहिल्याच दिवशी आली. पण माझ्या शंकांवर माझा तरी कुठे विश्वास? मी वर्गाला दिलेल्या वहीत होतं, 'सर्व भाग त्याच दोन तारांवर जोडावेत.' तेव्हा आमच्याकडचे सगळेच भाग पाच व्होल्टचे. व्होल्टेज लिहायचं सुचलंही नाही.

"सायली वीस मिनिटांवर आहे," माझी बायको सुलभा म्हणाली. "जाऊन सांगून या. की पत्राचाही ग्रंथ करताय?"

"आधी मोजतो."

तिच्यासारखेच भाग मागवले. सेन्सर तीन पॉइंट तीन व्होल्टचा, आणि त्याला वीज तिने तेवढीच दिली होती. मी नुसता डिस्प्ले चालू करून तारांना मीटर लावला. दोन्हींवर पाच. डिस्प्लेच्या पाठीवरचे दोन बारीक रेझिस्टर तारांना पाचापर्यंत ओढत होते, आणि तेच पाच व्होल्ट तिच्या सेन्सरच्या पायांवर जात होते. मग मध्ये लेव्हल शिफ्टर बसवला. ही छोटी पट्टी निरोप पलीकडे देते, व्होल्टेज नाही. पुन्हा मोजलं: डिस्प्लेकडे पाच, सेन्सरकडे तीन पॉइंट तीन. आता सेन्सर जोडला आणि दोन दिवस चालू ठेवला. सुलभा येता-जाता तापमान मोठ्याने वाचायची.

तीन कागद फाडले. तिन्हींत माझी चूक कुठेतरी तळाशी जाऊन बसली होती. चौथ्यावर ती पहिल्या ओळीत आली: "चूक वहीची आहे, आणि वही माझी आहे. हे साहेबांना दाखव." खाली आकृती, मोजलेले आकडे, आणि वहीत घालायचं वाक्य: 'जोडण्याआधी प्रत्येक भागाचं व्होल्टेज पाहावं.' पाकिटात एक पट्टीही घातली.

टोकरखाड्यातल्या घरून पोस्टात चालत गेलो. पाकिटावर शिक्का पडेपर्यंत खिडकीसमोरून हललो नाही.