तूर्त जागा नाही

इंटरनेटचा राउटर बाहेरच्या खोलीत बसवला तेव्हाच त्याने बायकोला सांगून टाकलं होतं, की आतल्या खोलीतला कॉम्प्युटर चौदा वर्षांचा आहे, त्याला वायरशिवाय इंटरनेट मिळायचं नाही, आणि वायरसाठी भिंतीला भोक मी पाडू देणार नाही. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस; भिंतींच्या बाबतीत घरात त्याचाच शब्द अखेरचा. सहा वर्षांपूर्वी दृष्टी गेल्यापासून बायको बहुतेक गोष्टी त्याच्यावरच सोडत असे. या वेळी मात्र तिने शेजारणीकरवी परस्पर निरोप धाडला, आणि मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई दारात उभी राहिली.

"एक कार्ड बसवलं की झालं, काका. भिंतीला हातसुद्धा लावायचा नाही," असं म्हणत तिने कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा काढला आणि नाक दाबलं. "अगं बाई! इथं भाजी पेरली तरी उगवेल."

बायको हसली. तिला हसताना त्याने कितीतरी दिवसांनी पाहिलं.

बाईने धूळ झटकली, मागच्या बाजूची एक अरुंद पट्टी उचकटली, रिकाम्या खाचेत कार्ड दाबून बसवलं, स्क्रू पिळला आणि मागे दोन छोटे अँटेना उभे केले. तो दाराशी उभा राहून एकेक हालचाल बघत होता. कार्ड चालू नये असं त्याला वाटत होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं.

मुलगी परदेशी गेली ती त्याच्याशी भांडून. घरचा फोन तोच उचलायचा म्हणून ती फोन करत नसे; आईला मात्र न चुकता कागदावर पत्र लिही, आणि ती पत्रं बायकोला वाचून दाखवायचं काम त्याचं. पहिल्याच पत्रात होतं : 'आई, खिडकीपाशी तुझी खुर्ची मांडून ठेवली आहे. तू इकडे ये.' त्याने खाकरून वाचलं होतं, "आई, माझ्या घरात तूर्त जागा नाही. तुझं बघायला बाबा आहेत." बायको इथून गेली तर आपल्याला कोण, एवढाच विचार तेव्हा त्याच्या मनात होता. पुढे त्याचा हात बसला. पत्रागणिक मुलगी कोरडी होत गेली, मग तुसडी, मग क्रूर. आणि पत्र ऐकून झालं की बायको त्याचा हात जरा जास्तच घट्ट धरू लागली.

पण जाताना मुलीने आईच्या नावाने मेलचं खातं उघडून दिलं होतं. प्रत्येक पत्राची प्रत त्यातही पाठवीन, असं ती म्हणाली होती. ते बायको विसरली नव्हती. पासवर्डही नाही.

"आली बघा रेंज," बाई म्हणाली. काकूंकडून पासवर्ड घेऊन तिने मेल उघडला, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम चालू केला, कोणती कळ दाबायची ते काकूंच्या बोटाला धरून शिकवलं. "एक्केचाळीस पत्रं आहेत, काकू. निवांत ऐका," म्हणून ती निघून गेली.

बायकोने कळ दाबली. तो भिंतीला टेकला. आता सगळं उघडं पडणार, हे त्याने मनाशी धरलंच होतं.

"आई," यंत्राचा सपाट आवाज आला, "माझ्या घरात तूर्त जागा नाही. तुझं बघायला बाबा आहेत."

'तूर्त' हा त्याचा कचेरीतला शब्द. मुलीच्या तोंडी तो कधीच नव्हता.

दुसरं पत्र. तिसरं. त्याने रचलेलं वाक्यन् वाक्य, त्याच क्रमाने. बायको मान डोलवत होती. "तुम्ही वाचलंत तस्संच आहे हो," ती हळूच म्हणाली. "मला उगीच वाटायचं, तुम्हीच काही गाळत असाल. चुकलंच माझं."

तो धडपडत बाहेरच्या खोलीत गेला. नकाशांच्या नळकांड्यात खोल कोंबलेली खरी पत्रं त्याने ओढून काढली. तोच निळा कागद, तेच मुलीचं डावीकडे झुकलेलं अक्षर. 'माझ्या घरात तूर्त जागा नाही.' त्याने कागद उजेडात धरला, उलटा केला, शाईवर बोट घासलं. खुर्ची कुठेही नव्हती. खिडकीही नव्हती.

परत आला तेव्हा बायकोने वाचन थांबवलं होतं. "या यंत्राचा आवाज सोसत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच वाचा. तुम्ही वाचता तेव्हा निदान माणूस जवळ असतं."

तो तिचा हात हातात घेऊन तिच्याशेजारी बसला. पहिलं पत्र, खरं, त्याला तोंडपाठ होतं. पडद्याकडे न बघता त्याने ते एक अक्षरही न बदलता म्हटलं : "आई, खिडकीपाशी तुझी खुर्ची मांडून ठेवली आहे. तू इकडे ये..."

बायकोने त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"असं नका करू," ती म्हणाली. "माझ्या समाधानासाठी खोटं वाचू नका."

"अगं, हेच खरं आहे. तिने हेच लिहिलं होतं. मी..."

कॉम्प्युटरमधून टिंग असा बारीक आवाज आला. नवीन पत्र होतं. तो उठायच्या आत बायकोच्या बोटाने कळ शोधली.

"आई," यंत्र म्हणालं, "बाबांनी आत्ता वाचलं, ते मी लिहिलेलं नाही."